पाडवा ते पाडवा

परभणी जिल्ह्यात गुढीपाडव्याला घरात पुरण शिजतं आणि ओसरीवर साल ठरतं. मागच्या पाडव्याला धरलेला गडी त्या दिवशी मोकळा होतो. त्याचा हिशेब होतो, अंगावर काय राहिलं ते त्याला सांगितलं जातं, आणि त्याच मालकाकडे राहायचं की दुसऱ्याचं साल धरायचं याचा निकाल लागतो. पानसुपारी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तो माणूस कुणाच्या तरी गोठ्यात वैरण टाकत असतो. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी, नऊही तालुक्यांत ही रीत ठाऊक नसलेलं गाव सापडणं कठीण.

पुढच्या पानांतल्या आठवणी अशा सालगड्यांच्या आहेत. काही त्यांच्या लेकरांनी आणि नातवंडांनी सांगितल्या, काही ज्यांच्या घरी ते राबले त्या घरांतून आल्या. नावं मुद्दाम गाळली आहेत. गावं लहान आहेत आणि देण्याघेण्याच्या गोष्टी लोक तीन पिढ्या विसरत नाहीत.

गड्याविषयी बोलताना गावाला एकच शब्द सुचतो, कष्टाळू. तो गेला की पारावर बसलेली माणसं 'लई कष्टाळू माणूस होता' म्हणतात आणि पुढच्या विषयाला लागतात. म्हणणं खोटं नसतं. पण या आठवणी वाचताना मला कष्टांच्या आधी दिसला तो रानाचा शौकीन माणूस. ज्या जमिनीतला वीतभर तुकडाही त्याचा नव्हता तिच्यावर त्याचा जीव होता, आणि तिच्यातलं त्याला मालकापेक्षा जास्त कळत होतं. मला सांगायचं आहे ते हेच. ते सांगताना त्याच्या दारिद्र्यावर झूल मात्र घालायची नाही.

ज्यांनी हा जिल्हा रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. इथली जमीन गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातली, बरीचशी काळी आणि खोल. उन्हाळ्यात तिला इतक्या रुंद भेगा पडतात की पोरांचे चेंडू आत जातात. पावसात ती पायाला धरून ठेवते. अशा जमिनीत बैलांच्या नांगराला दोन बैल पुरत नसत. चार लागत, कुंदा माजलेला असला तर सहा. सालाची सुरुवात याच कामाने व्हायची. चैत्र-वैशाखाचं ऊन डोक्यावर, नांगरट, मग ढेकळं फोडायला वखराच्या पाळ्या, मधून मधून कुंदा खणायचा. कुंद्याच्या मुळ्या खोल जातात आणि तुटलेल्या कांडीतून पुन्हा फुटतात, म्हणून तो काढणारा माणूस चिवट असावा लागतो. मृग निघाला की तिफन. बाई चाड्यावर मूठ धरायची, गडी तिफन हाकायचा.

इथे पहिल्यांदा त्याचा शौक दिसतो. पेरणी झाली की आठ दिवसांत ओळी वर येतात आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्या पाहतो. तास वाकडं गेलं असेल तर हंगामभर झाकता येत नाही. सरळ तासाचे पैसे कुणी वाढवून देत नव्हतं. साल पाडव्यालाच ठरलेलं असायचं. तरी गडी बांधाच्या टोकाला उभा राहून, एक डोळा मिटून, समोरच्या लिंबावर किंवा बाभळीवर नेम धरून तिफन हाकायचा. शेजारच्या शिवारातला गडी काय म्हणेल याची त्याला मालकाच्या रागापेक्षा जास्त चिंता. या आठवणींत हा प्रसंग वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा येतो, आणि मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला.

वाफसा ओळखणं हे त्याचं दुसरं शास्त्र. पाऊस उघडल्यावर औत कधी घालायचं? एक दिवस आधी घातलं तर माती चिकटते आणि ढेकूळ वाळून दगड होतं, दोन दिवस उशीर झाला तर ओल उडून जाते. गडी पहाटे रानात जाऊन टाच दाबून बघायचा, मूठभर माती वळून तिचा गोळा खाली टाकायचा. गोळा कसा फुटतो त्यावर तो परत येऊन 'आज नको' किंवा 'जुंपा' म्हणायचा. त्या एका शब्दावर मालकाच्या घरचं पीक उभं राहायचं. परभणीत १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झालं, तिथे मातीतली ओल मोजायची उपकरणं आहेत, आणि असायलाच हवीत. पण विद्यापीठाचं वाण शेतात रुजलं ते याच माणसाच्या हातून. ज्वारीचं 'परभणी मोती' असो की भेंडीची 'परभणी क्रांती', पिशवी मालक आणायचा आणि ओळ गडी धरायचा.

आता आखाड्याविषयी. मराठवाड्याबाहेर या शब्दाने कुस्ती आठवते. इथे आखाडा म्हणजे शेतातलं ठाणं: गोठा, कडब्याची गंजी, औजारं ठेवायची खोपी, विहीर, एखादं चिंचेचं किंवा आंब्याचं झाड. गड्याचं घर गावात असायचं, पण त्याचं राहणं आखाड्यावर. पहाटे तीनला बैलांना वैरण, कारण औताला जाण्याआधी बैलाचं खाऊन रवंथ व्हायला हवं. लालकंधारी बैल असला तर त्याच्या तांबूस अंगावरून खरारा, शिंगांना तेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी: हळद आणि तूप लावून खांदे चोळायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पोळ्याला गड्यालाही नवा कपडा मिळायचा. मानाचा बैल पाटलाचा, तो पुढे. पण तोरणाखाली आपली जोडी घेऊन उभा राहिलेला गडी त्या दिवशी कुणाचा नोकर वाटत नसे. जोडी बाजारात विकायला निघाली की घरात सगळ्यात आधी जेवण सोडणारा तोच. मालकाला जोडीची किंमत माहीत असायची, आणि कुठला बैल उजवीकडे चालतो, कुठला गडगडाटाला बुजतो, कुणाला रात्री पाणी लागतं हे गड्याला.

ज्वारी निसवली की पाखरांची राखण. चार मेढी रोवून त्यावर माळा, हातात गोफण, आणि पहाटेपासून ओरडणं. थंडीत घोंगडं पांघरून माळ्यावर बसलेल्या या माणसाला किती पाखरं नावानिशी माहीत होती हे वाचून मी थक्क झालो. टिटवीने अंडी उंचावर घातली की यंदा पाणी जास्त. पावशा ओरडला की बियाणं काढा. आभाळ तितराच्या पंखासारखं झालं की पाऊस जवळ. यातलं किती खरं ठरतं हा वेगळा प्रश्न, आणि हवामानखात्याचे अंदाज तरी किती खरे ठरतात! पण पाहणं खरं होतं. हरणांचा कळप कुठल्या बांधावरून उतरतो, रानडुकराची वाट कुठली, घोणस कुठल्या बुचाडाखाली बसते, कुठल्या ओघळीत केना आणि पाथरी पहिल्यांदा उगवते, हे त्याला विचारायचं. ज्वारीत हुरड्यासाठी म्हणून गुळभेंडी किंवा कुचकुचीची दोन ताटं कुठे आहेत, हेही तोच सांगणार. मालकाचे शहरातले पाहुणे हुरडा खायला आले की आगटी पेटवणारा, कणसं भाजणारा आणि तळहातावर चोळून देणारा गडीच असायचा. फोटोत तो क्वचितच दिसतो.

सुगीतलं खळं मी लिहिणार होतो, पण पुढे एका आठवणीत ते इतकं नेमकं आलं आहे की मी दोनच गोष्टी सांगून थांबतो. मळणी रात्री व्हायची आणि उपणणी वाऱ्यावर अवलंबून असायची. वावडीवर उभा राहून, पाटी डोक्याच्या वर धरून वाऱ्याची वाट बघत तासभर थांबलेल्या माणसाला आळशी समजण्याइतके आजचे आपण घाईत आहोत.

मग प्रश्न येतोच. याला रानाची ओढ म्हणायची की नाइलाज? ज्याला छपराखाली झोपायची सोय नव्हती त्याने उघड्यावर झोपणं पसंत केलं असं लिहिणं ही क्रूर थट्टा आहे, असं एक मित्र हे हस्तलिखित वाचून म्हणाला. त्याचं म्हणणं मी टाळत नाही. साल हा सौदा होता आणि त्याची एक बाजू फार हलकी होती. रोख थोडी, बाकी ज्वारी, धोतरजोडी, घोंगडं, पायतण. लेकीचं लग्न निघालं, दुखणं आलं की उचल. पाडव्याला उचल फिटली नाही तर पुढचं साल आधीच गहाण. काही घरांत हे व्यवहारात वेठीचंच होतं, मग नाव काहीही असो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात अशा पद्धतींची देशभरची नावं दिली आहेत. निजामाच्या राज्यातली 'भगेला' त्यात आहे, गुजरातेतली 'हाली' आहे. 'सालगडी' त्या यादीत नाही.

त्याआधीचा एक कायदा मला यापेक्षा जास्त बोचतो. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देण्याच्या दिशेने ते मोठं पाऊल होतं, आणि अनेक कुळांना त्याने खरोखर उभं केलं. पण या कायद्याने 'जातीने कसणे' याची जी व्याख्या केली, तिच्यात रोख किंवा धान्याच्या मजुरीवर ठेवलेल्या नोकराकडून कसून घेणंही आलं. पिकात वाटा घेणारा त्यातून वगळला. सालगड्याला वाटा नसायचा, साल असायचं. म्हणजे त्याने धरलेली तिफन कायद्याच्या नजरेत मालकाने धरलेली, त्याचा घाम मालकाचा घाम. कूळ म्हणून उभं राहायला त्याला जागाच उरली नाही. सातबाऱ्याच्या सातमध्ये मालकाचं नाव असतं, बारामध्ये पिकाचं. तीस-तीस वर्षं एकाच रानात राबलेल्या माणसाचं नाव दोन्हीकडे नाही.

जातीचंही बोलायला हवं. गड्यांमध्ये मातंग होते, महार होते, धनगर, हटकर, बंजारा होते, आणि जमीन गेलेले मराठेही होते. सगळ्यांचं साल सारखं नव्हतं. कुणी मालकाच्या चुलीजवळ बसून जेवायचा, कुणाची भाकरी वरून टाकली जायची आणि त्याचं जर्मनचं ताट गोठ्याच्या कुडात खोचलेलं असायचं. ज्याने मोट हाकून रान भिजवलं त्याला त्याच विहिरीचं पाणी ओंजळीत वरून घ्यावं लागलं, असं सांगणारी माणसं अजून हयात आहेत. मालकांच्या घरांतून आलेल्या आठवणींत हे ताट जवळजवळ कुठेच नाही. गड्यांच्या घरांतून आलेल्या आठवणींत ते पहिल्या पानावर आहे. दोन्ही जशा आल्या तशा छापल्या आहेत. वाचकाने शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

हे सगळं मान्य करूनही मी ओढीच्या बाजूने उभा आहे, त्याचं कारण सांगतो. नाइलाज माणसाला कामाला लावतो, पण एक डोळा मिटून तास सरळ काढायला लावत नाही. म्हातारपणी कुणी साल देत नाही, तेव्हा तर सक्ती उरत नाही. तरी हे लोक काठी टेकत सकाळी शिवारात जातात, परक्यांच्या बांधावर उभे राहून पीक बघतात आणि न विचारता मत देतात. 'कपाशी दाट झाली.' 'पाणी एक दिवस आधी द्यायला पाहिजे होतं.' तरुण शेतकरी वैतागतात. त्यांचं वैतागणंही समजण्यासारखं आहे, कारण म्हातारा बहुतेक वेळा बरोबर असतो. दारिद्र्य होतं म्हणून त्या माणसाला आवड नव्हती असं धरून चालणं हाही एक प्रकारचा अपमानच. शौक ही पोटभर जेवणाऱ्यांची मिरास असते असं आपण कधी ठरवलं?

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दामाशेटींच्या घरी दासी होती. तिचं दळण, कांडण, शेणी वेचणं आपल्याला माहीत आहे ते तिच्या अभंगांमुळे. घरकाम करणारी एक बाई सातशे वर्षं लोकांच्या तोंडी राहिली, कारण ती बोलली आणि ते टिकलं. याच मातीतल्या गड्याने आपल्या औताविषयी काय म्हटलं असेल? तोही गाणारा होता. मोटेवर, खळ्यावर, पेरणीत गायचाच. त्याचं गाणं कुणी उतरवून घेतलं नाही.

१९७२ च्या दुष्काळाने हे जग पहिल्यांदा हादरलं. बैल कवडीमोलाने गेले. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गडी आणि मालक एकाच रांगेत बसले, दोघांनी तीच सुकडी खाल्ली. त्या रांगेने मालक-गड्याच्या नात्याला जे केलं ते भाषणांनी झालं नसतं. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पाडव्याच्या बैठकीत 'नाही' म्हणण्याची थोडीशी ताकद गड्याला आली. मालकांना ते आवडलं नाही, आणि हेही या आठवणींत आहे.

पाण्याने दुसरा बदल केला. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं धरण झालं, पैठणहून जायकवाडीचा डावा कालवा आला. ज्वारी-कपाशीच्या रानात ऊस उभा राहिला. गड्याला आता दारं धरायचं नवं काम आलं, आणि वीज रात्री येत असल्यामुळे तेही रात्री. अंधारात, गुडघाभर चिखलात, एका हातात बॅटरी आणि एका हातात फावडं. पूर्वीची रात्र आभाळाखाली झोपण्याची होती, ही वेगळी. साप चावून गेलेल्यांची संख्या कुणाकडे नोंदलेली असेल तर ती तुकड्या-तुकड्यांत असेल. पण गाव फिरलात तर प्रत्येक गावात एक तरी नाव ऐकायला मिळेल.

आज ट्रॅक्टर आहे, मळणीयंत्र आहे, तणनाशक आहे. बैलजोडी दारात ठेवणं परवडत नाही. परभणीच्या विद्यापीठात बैलशक्तीच्या वापरावर संशोधन चालतं, बैलचलित औजारं तयार होतात. ती वापरायला बैल मात्र दरवर्षी कमी. सालाचा आकडा लाखाच्या पुढे गेल्याच्या बातम्या दर पाडव्याला छापून येतात आणि त्यांचा सूर बहुधा तक्रारीचा असतो: गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. ज्याच्या बापाचं साल धोतरजोडीत ठरलं त्याच्या मुलाने लाख मागितले तर हिशेब जुनाच फिटतो आहे. आणि तो मुलगा बहुतेक वेळा शेतात नसतोच. देवगिरी एक्स्प्रेसने तो मुंबईला गेला, पुण्याच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर लागला, किंवा गंगाखेड-पालमकडचा असेल तर कोयता घेऊन ऊसतोडीला. त्याला बापाचं रानाचं वेड वारशात मिळालं नाही याचं दुःख मी करणार नाही. त्याने ते करावं की नाही हे त्याने ठरवावं.

मजकुराविषयी थोडं. बोली सांगणाऱ्याची आहे, ती सुधारलेली नाही. वखर, पाळी, तास, चाडं, मोघणं, दावण हे शब्द तालुक्यागणिक थोडे बदलतात. जिथे जो आला तो ठेवला. एकाच घटनेच्या दोन हकिकती जुळत नसतील तर दोन्ही राहू दिल्या. एक-दोन ठिकाणी मालकाची बाजू फारच गोड आली आहे, ती गोडी वाचकाला कळेल असा भरवसा आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती मुख्यतः ज्यांच्या घरी गडी होते त्यांना. तुमच्या माळवदाच्या कोनाड्यात, जुन्या पेटीत, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या असतील, काही मोडीत लिहिलेल्या. त्यांत गड्याच्या नावाने पान असतं: अमुक तारखेला पाच रुपये उचल, अमुक दिवशी खाडा. बहुतेक गड्यांच्या आयुष्याचा लेखी पुरावा म्हणून एवढंच शिल्लक आहे, तो कामावर आला नाही ते दिवस आणि त्याने मागितलेले पैसे. या वह्या रद्दीत देऊ नका. त्या पानांचे फोटो काढा, गड्याच्या घरी नेऊन दाखवा, त्या दिवशी खाडा का पडला होता ते त्यांना विचारा, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.